मागची चाकं

शहाण्णव सालची लेगसी, स्टिअरिंग उजवीकडे,
दाराच्या कडेला अजून एक जपानी स्टिकर:
तेल कधी बदललं त्याची नोंद असावी.
नारिनमध्ये कुणालाच वाचता येत नाही.
मी तो खरवडला नाही.
कुणीतरी एकेकाळी हिची काळजी घेतली होती,
एवढा दाखला पुरे.

विकणारा म्हणाला होता, चारही चाकं ओढतात, डॉक्टर,
घोडीसारखी.
मी गुरांचा डॉक्टर. दात बघितल्याशिवाय
घोडीचा भाव सांगत नाही कुणाला.
गाडीचा मात्र नुसता रंग बघितला.

दोन हिवाळे डोलोनच्या चढावर
पुढच्या दोन चाकांनी बर्फ उकरत राहिलो,
मागच्या सीटवर सलाईनच्या बाटल्या
गोठू नयेत म्हणून माझ्याच कोटात,
आणि वर कुठंतरी एक याक
आडव्या वासरासकट माझी वाट बघत.
पोचलो तेव्हा तिचे डोळे उघडेच होते.
मालकानं चहा दिला.
बोलला काहीच नाही.

फेब्रुवारीत कुबातनं बॉनेट उघडलं, उधारीवर.
कोपऱ्यातल्या काळ्या डबीत नख घातलं
आणि तळहातावर ठेवला
पंधरा अँपियरचा एक निळा फ्यूज,
मक्याच्या दाण्याएवढा.
हा इथं नसायला हवा, म्हणाला.
हा बसवला की मागची चाकं झोपतात.
आणि तसं सांगणारा डॅशबोर्डवरचा दिवा?
त्याचा बल्बच कुणीतरी काढून घेतलेला.

काहीच न बसवता झालेली
माझ्या आयुष्यातली पहिली दुरुस्ती.
बिल: शून्य सोम.

ते शून्य दुपारपर्यंत टिकलं.
पेट्रोल पंपाच्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण वळवलं
तशी ती मागून कण्हली, अडखळली,
पुढच्या जोडीचं नि मागच्या जोडीचं
जुनं भांडण उकरून निघाल्यासारखी.
म्हणजे त्यानं दुखणं झाकलं होतं.
लंगड्या पायात भुलीची सुई टोचून
जनावर बाजारात उभं करतात, तसं.
सावध राहा, हे मीच सांगत फिरतो गावोगाव.

कुबात म्हणाला, लंगडं घोडं आलं तर आधी काय बघतोस?
खूर.
मग बघ की.

झिल्दिझची शिवणकामाची टेप आणली.
चार टायर, चार वर्षांत घेतलेले, जिथं स्वस्त तिथं.
मागचा डावा घेरानं चार सेंटिमीटर मोठा.
वडाची साल पिंपळाला लावत मी गाडी हाकत होतो
आणि आत गिअरबॉक्स
माझी काटकसर फेडत झिजत होता.

बिश्केकहून चार टायर मागवले, अर्धे झिजलेले,
पण चौघंही सारखेच झिजलेले, एकाच टॅक्सीचे.
एका मेंढीच्या भावात.
गिअरबॉक्सचं तेल तीनदा बदललं; एका वेळी निम्मंच निघतं.
पहिल्यांदा काळा चहा,
तिसऱ्यांदा डाळिंबाचा रस.
म्हाताऱ्या गेन्नादीनं लेथवर
कसायाच्या जुन्या प्लास्टिकच्या पाटातून
चार जाड चकत्या कातल्या,
गाडी तीन बोटं उंच झाली.
त्याला मजुरी नको होती,
त्याच्या कुत्र्याचा कान बघायचा होता.

मग रविवारचा गुरांचा बाजार उठल्यावर
त्या रिकाम्या मैदानात, शेणातून, बर्फातून
आठाचे आकडे काढत बसलो.
कुबातचाच उपाय: अडकलेलं सुटतं कधीकधी.
झिल्दिझ शेजारी, टेप अजून गळ्यात.
चाळिसाव्या आठाला म्हणाली,
आता मला उलटी होणार आहे, पण
तुझी गाडी गप्प झालीय.

गप्प म्हणजे अगदी गप्प नाही.
थंडीत, पहिल्या किलोमीटरभर, कुरकुरते थोडी.
यंदा डोलोन तीनदा चढलो.
दोनदा वेळेत.

परवा एक पोरगा आला, विकता का म्हणून.
चारही चाकं ओढतात ना?
मी त्याला पंपाच्या वळणावर नेलं,
इंजिन थंड असतानाच,
स्टिअरिंग पूर्ण वळवलं, रेडिओ बंद केला.
किल्लीच्या कडीतला तो निळा फ्यूजही दाखवला.
त्यानं कान देऊन ऐकलं.
घेतली नाही.
बरं झालं.